स्टेशनरोडची सावली

नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की दिवसा या गावात माणूसच नसतो. सात बेचाळीसची गाडी सगळं गाव उचलून शहरात नेते आणि संध्याकाळी दमलेलं परत आणून टाकते. मागे उरतात झाडं आणि कुत्री. दोघांचाही साक्षीला उपयोग नाही.

म्हणून काका रोज वही घेऊन फलाटावर जाऊ लागले. गाडीआधी आठ मिनिटं मिळत. तेवढ्यात कुणाच्या तरी आजोबांचं लग्न लागायचं, पण मुलं व्हायच्या आत गाडी यायची. लोक त्यांना 'बखरवाले' म्हणू लागले.

पहिलं प्रकरण मात्र तयार होतं: काकांचे वडील. तीस वर्षं नोकरी, एकदाही गाडी चुकली नाही! हे वडिलांनीच सांगितलेलं, तेही काकांना कुठे उशीर झाला की हमखास.

आता घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. स्टेशनरोडवरची दाट झाडं लावली कुणी? ते ठाऊक होतं फक्त शहरात औषधांच्या दुकानात कामाला जाणाऱ्या ताईंना, म्हणजे जुन्या स्टेशनमास्तरांच्या मुलीला. सत्तरी गाठलेल्या ताई या शुक्रवारी नोकरी सोडून कायमच्या मुलाकडे निघाल्या होत्या. रोज त्या सुरुवात करायच्या, "त्याचं काय झालं..." आणि गाडी यायची.

शुक्रवारी काकांनी तिकीटच काढलं आणि ताईंच्या मागोमाग गाडीत चढले.

"सुचलं एकदाचं!" ताई म्हणाल्या. "ऐक. बाबांचा नियम होता. ज्याची गाडी चुकेल त्यानं पुढची येईपर्यंत एक रोप लावायचं. खड्डाही त्यानंच खणायचा. रोपं मी आणून द्यायची."

"म्हणजे ही सगळी आळशांची मेहरबानी!" काका खूश झाले.

"एकोणचाळीस झाडं. त्यातली एकतीस तुझ्या वडिलांची."

काकांची पेन्सिल थांबली. "काहीतरीच काय, ताई! ते घरून अगदी वेळेवर निघायचे."

"निघायचे की. पण वाटेत तुला शाळेत सोडायचं असायचं. तू शाळेच्या फाटकाशी त्यांच्या पायाला मिठी मारून असा गळा काढायचास, की स्टेशनात ऐकू यायचं. बाबा लगेच मला म्हणायचे, रोप काढून ठेव."

काका पुढच्याच स्टेशनावर उतरून परत आले. वडिलांची एकतीस कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. म्हणून त्यांनी एकोणचाळीसही झाडांना हात लावला.

काकू दारातच होत्या. "कळलं का, कुणी लावली ते?"

"आम्ही दोघांनी," काका म्हणाले, आणि साठ वर्षांपूर्वीसारखाच मोठ्यानं गळा काढला.