परसातली माती

तिने तिसरी काचेची बशी उजेडासमोर धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि अखेर हात टेकले. बशीत आठ औषधांच्या आठ पांढऱ्या चकत्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवतीचे जंतू मरून मोकळं कडं पडतं. इथे एकाच चकतीभोवती कडं होतं, बाकी सातांना जंतू खेटून वाढले होते.

"पुन्हा तेच?" मामांनी विचारलं. प्रयोगशाळेत ते वीस वर्षं काचसामान धूत होते आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचेच मामा होते.

"तेच. माझं तर डोकंच चालेनासं झालंय, मामा."

काम कागदावर साधं होतं. कारखान्याच्या नाल्याकाठची माती आणि स्वच्छ माती, दोन्हींतले जंतू वाढवायचे आणि औषधं कुणावर किती चालतात ते पाहायचं. जड धातूंच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जंतू धातू अंगाबाहेर फेकायला शिकतात, आणि मग त्याच वाटेने औषधही फेकून देतात. नाल्याकाठचे जंतू चिवट निघाले, त्यात नवल नव्हतं. पण स्वच्छ मातीतलेही तितकेच चिवट? हे काय भलतंच!

आणि ती माती तरी कुठली, तर तिच्या वडिलांच्या परसातली. नमुना हवा म्हणताच बाबा स्वतः खुरपं घेऊन लिंबाच्या झाडाखाली बसले. वर आठवडाभर शेजाऱ्यांना ऐकवत होते, "अख्ख्या शहरात आमचीच माती चोख निघाली बरं का!" खुरपं पायाच्या अंगठ्याला लागलं ते तेव्हाच. एवढीशी जखम, पण दोन महिने झाले तरी भरायचं नाव नाही. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं होतं, आणि आता सोमवारी अंगठा ठेवायचा की काढायचा ते ठरणार होतं. तिचं निम्मं लक्ष सारखं तिकडेच जायचं. त्या भरात आपणच कुठेतरी चुकतोय, असं तिला वाटत होतं.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल," मामा म्हणाले.

"तिन्ही वेळा?"

"मग त्या मातीत धातू किती, ते मोजलंत?"

"स्वच्छ मातीत धातू कोण मोजतं, मामा?"

"मी आपला बाटल्या धुणारा," मामा हसले, "पण धुतलेली बाटलीसुद्धा मी एकदा उजेडात धरून बघतो हो."

तिने निमूटपणे माती मोजायला दिली. दुपारी आकडे आले. निकेल आणि क्रोम, जवळजवळ नाल्याकाठाइतकं! ती आणखीच गोंधळली. कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथलं पाणी घराकडे यायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाबा मागच्या पायरीवर बसले होते. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर, दुसरा अनवाणी मातीत.

"काय म्हणतेय आमची माती? पास ना?"

"बाबा, इथे कधी काही पुरलं होतं का? जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे?"

"हॅ! तुझी आई कागदाचा कपटा पडू देत नाही इथे."

ती नळावर हात धुवायला वाकली. नळाखाली धुण्याचा दगड होता आणि त्यावर हिरवट डाग. लहानपणापासून ती त्याला शेवाळं समजत आली होती. तिने नखाने खरवडून पाहिलं. शेवाळं नव्हतंच ते, धातूचं पुट होतं. दगडापासून एक पन्हळ सरळ लिंबाच्या आळ्यात गेली होती.

बाबांनी बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात नळांना निकेल-क्रोमची चकाकी चढवली होती.

"बाबा, तुमचे कामावरचे कपडे आई इथेच धुवायची ना?"

"मग? घरातल्या कपड्यांत मिसळू द्यायची नाही ती. तुला कुठे काही बाधू नये म्हणून. रोज वेगळे धुवायची. आणि पाणी वाया घालवेल तर शपथ! सगळं लिंबाला." बाबा जरा ताठ बसले. "मीसुद्धा बत्तीस वर्षांत कारखान्यातून एक खिळा घरी आणला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं तसं."

तिने फोन काढला आणि डॉक्टरांना लावला.

"डॉक्टर, सोमवारी लगेच काही ठरवू नका. उद्याच जखमेतला पू तपासायला घ्या. लागलं त्याच मातीतले जंतू मी वाढवलेत. सात औषधं त्यांच्यावर चालत नाहीत, एक चालतं. जखमेतही तेच निघाले तर... हो, बशी घेऊनच येते."

फोन ठेवून वळली तेव्हा बाबा दगडाकडे बघत होते. मग त्यांनी मातीतला पाय हळूच उचलून पायरीवर घेतला.

"चिमणे," ते अगदी हळू म्हणाले, "आईला यातलं काही सांगू नकोस."

तिने मान डोलावली.

तेवढ्यात आई भांडं घेऊन दारात आली. "भाजी धुतलेलं पाणी आहे गं. ओतून टाकू नकोस उगीच, लिंबाला घाल."

भांडं हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"घाल," बाबा म्हणाले.