कपाटापुढची पिवळी रेघ

आमच्या पाचवीच्या वर्गात एक काचेचं कपाट होतं. तीन मीटर लांब, अर्धा मीटर खोल. शाळेचं सगळं शैक्षणिक साहित्य त्यात राहायचं. अपूर्णांकांच्या चकत्या, काटे फिरणारं घड्याळ, पचनसंस्थेचं कोडं, सगळं चकचकीत लॅमिनेट केलेलं. शाळेला लॅमिनेशनचं यंत्र मिळाल्यापासून मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, उघडा कागद बघवत नसे. एकदा तर त्यांनी ‘येथे लिहा’ अशा रिकाम्या चौकटी असलेल्या सरावपत्रिकाही लॅमिनेट करून घेतल्या. त्यावर पेन्सिल उमटत नाही ही तक्रार आजवर कुणी केलेली नाही, कारण त्या मुलांच्या हाती कुणी दिलेल्याच नाहीत.

कपाटाची दारं उघडायला जागा लागते म्हणून त्याच्यापुढे अर्ध्या मीटरवर एक पिवळी रेघ मारली होती. रेघेच्या आत पाय ठेवायचा नाही. किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. कपाटाच्या वापराची एक नोंदवही होती आणि तिच्यात दर महिन्याला सुरेख अक्षरात एकच शब्द असायचा : निरंक.

माझी नेमणूक वर्षा-वर्षाची. वर्ष संपत आलं की पुढच्या वर्षाच्या पत्रावर मोठ्या बाईंची सही लागते, आणि सहीच्या आधी त्यांचं काहीतरी काम निघतं.

“अगं, गुरुवारी शाळा तपासायला साहेब येताहेत,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वर्गावर आदर्श पाठ. क्षेत्रफळ. कृतीतून शिक्षण दिसलं पाहिजे हं. फोटो वर गेला की तुझं पत्र त्याच दिवशी.”

“हो, मोठ्या बाई.”

“थर्माकोलचं घर काढून देते. पण मुलांना हात लावू देऊ नकोस. बोटं उमटतात.”

घराबरोबर एक पाकीटही मिळालं. त्यात सहा चिठ्ठ्या, त्यावर सहा प्रश्न, वर शीर्षक : उत्स्फूर्त प्रश्न. ते सहा मुलांना पाठ करायला द्यायचे होते. तळाशी एक सूचना होती, “त्या मुलीला शेवटच्या बाकावर बसवावे.”

ती मुलगी म्हणजे आमची पणबाई. वय वर्षं दहा. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण बाई’पासून सुरू होतं, म्हणून वर्गानंच तिचं बारसं केलं. आधीच्या शिक्षिकेनं तिच्या प्रगतिपुस्तकात ‘चौकस’ लिहून वर ‘फार’ हा शब्द नंतर घुसडलेला मी पाहिला आहे.

आता खरं सांगायचं तर थर्माकोलच्या घराच्या खिडकीचं क्षेत्रफळ काढून कुणाला काही कळत नाही. मुलं लांबी गुणिले रुंदी म्हणतात, उत्तर काढतात, आणि एक चौरस मीटर म्हणजे केवढा असं विचारलं की दोन बोटांच्या चिमटीत दाखवतात. म्हणून रविवारी दुपारी, माझी दोन वर्षांची लेक, आमचं पिल्लू, झोपल्यावर, मी जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून बरोबर एक मीटर बाय एक मीटरचा चौरस केला.

सासूबाई दारातून बघत होत्या. “लोक घरातली रद्दी बाहेर काढतात. आमची सून शाळेसाठी तिची रजई शिवतेय.”

चिकटपट्टीच्या आवाजानं पिल्लू उठलं. डोळे चोळत आलं आणि थेट कागदाच्या मधोमध बसलं. मग आपली वाटी आणली, एक मोजा आणला, कान तुटलेला ससा आणला. आजीनं पाय टेकवला तर तिचा पाय दोन्ही हातांनी ढकलून दिला. “माझं घल!”

तासभर पिल्लू तिथून हललं नाही. मीही हलले नाही. पाठ बदलला होता.

सोमवारी मुलांनी तसेच आणखी सात चौरस केले. बाकं व्हरांड्यात ओढली, माझं टेबलही बाहेर गेलं आणि वर्गाची फरशी अंथरायला सुरुवात झाली. आठ चौरस टाकायचे, खडूनं कडा आखायच्या, उचलायचे, पुढे टाकायचे. चौरसांवरून भांडणं झाली, एक फाटला, त्याला मलमपट्टी झाली. भिंतीला टेकून एक मुलगा बसला होता, त्याला सगळे जांभई म्हणतात. त्यानं जांभई दिली आणि म्हणाला, “बाई, सगळे कशाला अंथरायचे? एक ओळ लांबीला, एक ओळ रुंदीला. बाकीचे डोक्यात अंथरू.”

मी खडू खाली ठेवला. चार वर्षं मी फळ्यावर जे सूत्र लिहीत होते, ते या पोरानं श्रम वाचवायला शोधून काढलं होतं. त्याला जवळ घेऊन पापा घ्यावासा वाटला, पण पाचवीतल्या मुलाला तेवढ्यासाठी शाळा सोडावी लागली असती. म्हणून नुसतं “शाब्बास” म्हटलं.

सात गुणिले पाच, पस्तीस. कपाट आणि पिवळ्या रेघेआतली जागा मिळून तीन चौरस गेले. उरले बत्तीस. मुलं चव्वेचाळीस.

“एकाला एक दिला तर बारा जण दाराबाहेर,” जांभईनं हिशेब सांगितला.

“चिठ्ठ्या टाकू!”

“नको, उशिरा येतात ते बाहेर!”

“बाईंना बाहेर काढू, त्यांचं टेबल गेलंच आहे!”

“पण बाई,” पणबाई म्हणाली, “बाकीच्या खोल्यांत किती किती आहेत?”

हा प्रश्न कुठल्याच चिठ्ठीवर नव्हता. मोठ्या बाई त्या दिवशी बैठकीला गेल्या होत्या आणि त्यांच्या खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते. मामांनी आधी डोकं खाजवलं, मग दार उघडलं, मग स्वतःच वाकून चौरसाचं एक टोक धरलं. लांबीला आठ, रुंदीला पाच. चाळीस चौरस. त्यात एक टेबल, एक सोफा, दोन कुंड्या आणि एक माणूस, तोही बैठकीला गेलेला.

पणबाईनं वहीत लिहिलं : ‘वर्ग ३२, मुले ४४. ऑफिस ४०, मोठ्या बाई १.’ खाली दोन रेघा मारल्या, उत्तराखाली मारतात तशा.

माझ्या पत्रावर अजून सही व्हायची होती. आणि मग मी काय केलं असेल? वर्गात आले, बाकं आत घेतली, दार लावलं आणि सांगितलं, “हे बघा, गुरुवारी आपण थर्माकोलचं घर करायचंय. चौरसांची गंमत आपल्या आपल्यात.”

“पण बाई, उत्तर चुकलंय का?”

“नाही.”

“मग?”

मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि बाकीच्यांना चिठ्ठ्या वाटल्या. चौरसांची घडी कोपऱ्यात ठेवली. मोठ्या बाईंवर हसायला मला फार आवडतं, पण त्या दिवशी त्यांचं काम मी त्यांच्यापेक्षा नीट केलं.

गुरुवारी साहेब आले. पाठ ठरल्यासारखा चालला, जरा जास्तच ठरल्यासारखा. तिसऱ्या चिठ्ठीवाल्या मुलानं घाबरून, मी तोंड उघडायच्या आधीच, “बाई, मग छपराचंही असंच काढता येईल का?” असा उत्स्फूर्त प्रश्न विचारला. मोठ्या बाई उत्तेजनार्थ हसल्या. त्यांनी फोटो काढताना मुलांना घराकडे नाही तर कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

“ते काय आहे?”

“रद्दी आहे साहेब,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आज उचलतीलच.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनीही पाहिलं, आणि त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये माझं पत्र होतं, त्याचा कोपरा मला दिसत होता. पण साहेब-बिहेब राहू द्या. चव्वेचाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मागच्या बाकावरची तर पापणी न हलवता. ती बोलत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती आणि तिला गप्प बसायला मी शिकवलं होतं.

मला कागदावर बसलेलं पिल्लू आठवलं. सासूबाईंचा पाय ढकलताना तिला कसली म्हणून भीती वाटली नव्हती.

“रद्दी नाही साहेब,” मी म्हणाले. “आमचं साहित्य आहे. पणबाई, पुढे ये. वही घेऊन.”

पुढची वीस मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. बाकं बाहेर गेली. जांभईनं साहेबांना हाताला धरून डोक्यात कसं अंथरायचं ते शिकवलं. बारा मुलं दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि खिडकीतून हात हलवू लागली. साहेबांना एका चौरसात उभं केलं, तर त्यांचं पोट शेजारच्या चौरसात जातं यावर छोटासा वाद झाला. मग पणबाईनं वही उघडली आणि शेवटची ओळ खणखणीत वाचली.

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, लॅमिनेट केल्यासारखं.

साहेबांनी घसा खाकरला. “फारच छान,” ते म्हणाले, आणि शेरेबुकात बराच वेळ लिहीत राहिले.

माझं पत्र त्या दिवशी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घरी पिल्लूला घेऊन बसायची तयारी मनात सुरू केली होती. आठव्या दिवशी वरून आदेश आला : उपक्रम स्तुत्य आहे, सर्व शाळांनी पाचवीत राबवावा, संबंधित शिक्षिकेने मार्गदर्शन करावे. आणि खाली, ठळक अक्षरात : मोजणी मुख्याध्यापक कक्ष व वरिष्ठ कार्यालये वगळून करावी.

संबंधित शिक्षिका शाळेत असल्याशिवाय मार्गदर्शन कसं करणार? मोठ्या बाईंनी सही केली. पेन कागदात रुतलं होतं. मागच्या बाजूनं हात फिरवला तर अजून लागतं.

पण आता आमचे चौरस आदर्श साहित्य झाले होते. मोठ्या बाईंनी आठही चौरस पट्ट्यापट्ट्यांनी लॅमिनेट करून घेतले आणि कपाटात ठेवले. आणि इतकं मोलाचं साहित्य मुलांच्यात कसं ठेवायचं, म्हणून कपाटच उचलून आपल्या खोलीत नेलं. चार माणसं लागली. पिवळी रेघ त्यांनी तिथे नव्यानं आखून घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर भिंतीकडेला तीन मुलं मांडी घालून बसलेली. कपाटाखालची फरशी एवढी पांढरी होती, की बाकीची फरशी कुठल्या रंगाची आहे ते आम्हाला त्या दिवशी कळलं. पणबाई खडू घेऊन वाकली होती.

“बाई, आपले पस्तीस. त्यांचे सदतीस. बाहेर आता नऊच.”

“बरं.”

“पण बाई,” ती खडूची बोटं फ्रॉकला पुसत म्हणाली, “त्यांना आणखी साहित्य करून देऊ या का?”

वर्गात उरलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होताच. मी मुलांना कात्र्या काढायला सांगितल्या.