पुलावरून डावीकडे

मी एक कंट्रोलर बोलतोय. टीव्हीवर खेळ खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तो. मावशी मला पहिले सहा महिने रिमोट म्हणायची आणि तिची भाची दर वेळी कपाळाला हात लावायची. नाव काहीही द्या, माझं काम एकच. अंगठा जिकडे नेईल ती दिशा यंत्राला कळवायची, बोट जे दाबेल ते कळवायचं. स्वतःच्या मनातलं सांगायची सोय माझ्यात ठेवलेली नाही. म्हणून जे मावशीला सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगतोय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पन्नास-साठ बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीकडे एकच काम. एकीने माझ्या पोटात दोन छोट्या मोटारी बसवल्या. त्या फिरल्या की मी थरथरतो, म्हणजे खेळात फटका बसला की खेळणाऱ्याच्या तळहाताला कळतं. दुसरीने दोन दांड्या बसवल्या, डावी चालायला, उजवी आजूबाजूला बघायला. शेवटच्या बाईने सगळी बटणं दाबून पाहिली, दांड्या गोल फिरवल्या आणि माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. पास. माझी तपासणी झाली ती तेवढीच.

मला विकत आणलं भाचीने. मावशी तिला ठिणगी म्हणते. का ते घरात दोन दिवस राहिलात तर कळेल. कॉलेज जवळ पडतं म्हणून ती मावशीकडे राहायला आली होती. मावशी एकटीच, दोन खोल्या, एक सोफा, एक टीव्ही. त्या टीव्हीखाली खेळाचं यंत्र बसलं आणि सोफ्यावर मी.

ठिणगीने आणलेला खेळ म्हणजे शुद्ध छळ होता. एक बुटका कंदीलवाला, पडका किल्ला, आणि वर वर चढत जायचं. वाटेत पायऱ्या ढासळतात, भिंतीतून भाले निघतात. त्यापुढे खोल दरीवर हातभर रुंदीचा पूल, आणि पुलापलीकडे एक अवाढव्य पहारेकरी. एक फटका, की कंदील विझला. पडदा काळा होतो आणि मधोमध एकच शब्द उमटतो. ‘पुन्हा?’

ठिणगी त्या शब्दाशी भांडायची. दात-ओठ खायची, पहारेकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मला सोफ्यावर आपटायची. एकदा सोफा चुकला आणि भिंत लागली. माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. ती दोन मिनिटं हिरमुसून बसली, मग मला उचललं, टवक्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा सुरू.

मावशीने तिला एकदा विचारलं, की एवढा त्रास होतो तर खेळतेस कशाला. मलाही तेच विचारायचं होतं.

ठिणगी म्हणाली, “कारण हा फसवत नाही गं. मेले की मला कळतं, माझं कुठे चुकलं. बाहेर एवढं तरी कुठे कळतं?”

कॉलेज संपलं, दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ठिणगी गेली. मला आणि यंत्राला मागे ठेवून गेली. तिकडच्या खोलीत टीव्ही नव्हता. जाताना मावशीला म्हणाली, की नुसती पुसत बसू नकोस, खेळून बघ.

आठ-दहा दिवस मावशीने नुसतंच पुसलं. मग एका संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुतले आणि मला हातात घेतलं.

आता मावशीचं काम सांगायला हवं. ती दात बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, ती प्लास्टरच्या साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात लावते, गरम सुरीने मेण खरवडते, आणि मग त्याची पक्की कवळी होते. अठ्ठावीस वर्षं हेच काम. पुढचे सहा दात सगळ्यांत अवघड, कारण माणूस हसला की तेच दिसतात, म्हणून त्यासाठी कधीकधी ती पेशंटला समोर बसवून माप बघते. ते काम डॉक्टर तिच्याशिवाय कुणाला देत नसत.

पहिल्या दिवशी मावशी पायऱ्यांवरच मेली. अकरा वेळा. आणि हसली. मी इतके दिवस त्या घरात होतो, पण हरल्यावर कुणी हसलेलं ऐकलं नव्हतं. तिच्या कामात दात एका झटक्यात कधी बसतच नाही. लावायचा, बघायचा, काढायचा, जरा घासायचा, परत लावायचा. तिला ‘पुन्हा?’ हा शब्द टोमणा वाटलाच नाही. तो तिला रोजचाच होता.

ठिणगी मला असं धरायची की माझी शिवण उसवेल. मावशी मला भरलेल्या पेल्यासारखं धरायची. पण खेळ तोच, मरण तेच. कितीदा तरी मला वाटलं, की त्रास खेळात नसतोच, तो माणूस बरोबर घेऊन येतो. पुढे जे झालं त्यावरून कळलं, की माझं हे शहाणपण अर्धवट होतं.

रोज संध्याकाळी ती ठिणगीला फोनवर बातमी द्यायची. “आज सदतीस वेळा मेले. पण शेवटच्या दोन वेळा जरा सुधारून मेले.” पलीकडून खिदळणं ऐकू यायचं. ठिणगी सांगायची कुठे वाकायचं, कुठे थांबायचं. पूर्वी त्या दोघींचं फोनवर जेवलीस का, झोपलीस का एवढंच व्हायचं. आता अर्धा-अर्धा तास चालायचं.

तिसऱ्या महिन्यात मावशी पुलापर्यंत पोचली. आणि नेमका तेव्हा मी बिघडलो.

माझ्या डाव्या दांडीच्या बुडाशी एक पातळ थर असतो. घासून घासून तो झिजला. मावशीचा अंगठा दांडी सरळ पुढे ढकलत होता. मी यंत्राला कळवत होतो, पुढे, आणि थोडंसं डावीकडे. मोकळ्या अंगणात एवढ्याने काही बिघडत नाही. हातभर रुंदीच्या पुलावर बिघडतं. कंदीलवाला चार पावलं नीट गेला, मग डावीकडे कलला आणि दरीत पडला.

मावशीने पुन्हा खेळून पाहिलं. पुन्हा डावीकडे. अंगठा बदलून पाहिला, बसायची जागा बदलली, चष्मा पुसला. वीस वेळा, तीस वेळा. मी आतून ओरडत होतो, की बाई, तू सरळ चालवते आहेस, खोटं मी बोलतोय. पण माझं ओरडणं म्हणजे काय? दोन मोटारी. त्याही यंत्राने हुकूम दिला तरच फिरतात.

ठिणगी असती तर तिने पहिल्याच दिवशी मला शिव्या घातल्या असत्या आणि प्रश्न मिटला असता. मावशीला वस्तूला दोष द्यायची सवयच नव्हती. चुकलं की आधी आपला हात बघायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. त्या संध्याकाळी तिने मला मांडीवर ठेवलं आणि आपला डावा अंगठा डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

हसणं त्या दिवशी थांबलं. खेळणं थांबलं नाही, आणि तेच वाईट होतं. आता ती जिंकायला खेळत नव्हती, हात तपासायला खेळत होती. रोज कामावरून आली की थेट पुलावर. पडली की ओठ घट्ट मिटायची. ठिणगीचा फोन आला की सांगायची, हल्ली वेळच मिळत नाही.

कारण मला कळलं ते एका रविवारी सकाळी. तिने आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ठिणगीच्या आईला, फोन लावला. मी शेजारीच पडलो होतो.

“ताई, आईचं पण असंच सुरू झालं होतं ना? हात आपला, पण आपलं ऐकत नाही.”

त्यांच्या आईला कंपवात होता, हातपाय आपोआप थरथरण्याचा आजार. पहिल्यांदा ब्लाउजचे हुक लावायला वेळ लागू लागला, मग सही बदलली, मग चमचा तोंडापर्यंत जाईना. आठ वर्षं तिला भरवलं ते मावशीने. ताई पलीकडून धीर देत असावी, कारण मावशी नुसतीच हं हं करत होती. शेवटी तिने बजावलं, की ठिणगीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही.

त्याच आठवड्यात तिने दातांच्या डॉक्टरांना सांगून टाकलं, की पुढचे दात आता दुसऱ्या कुणाला द्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्या कामात मला तर कणभर फरक दिसत नाही. ती म्हणाली, दिसायच्या आत सांगतेय. हे ती रात्रीच्या जेवणाआधी ताईला सांगत होती, अगदी सहज, जणू छत्री विसरल्याचं सांगावं. फोन ठेवल्यावर मात्र तिने दिवा लावला नाही, अंधार पडला तरी तशीच बसून राहिली.

आता मी जे सांगणार आहे ते फक्त मला माहीत आहे.

कंदीलवाला मेला, की खेळ परत सुरू व्हायला आठ-दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ मावशीचे हात रिकामे असतात. डावा अंगठा दांडीवर, उजवा बटणावर नुसता टेकलेला. त्या वेळी तिचा उजवा अंगठा हलायचा. अगदी बारीक, एका लयीत, घड्याळ कानाशी धरल्यावर टिकटिक जाणवावी तसा. खेळ सुरू झाला, अंगठ्याला काम मिळालं, की ते थांबायचं. आधी नव्हतं ते. पुलावर अडल्यापासूनच्या दोन महिन्यांतच सुरू झालं. ती डोळे फाडून डाव्या अंगठ्याकडे बघत होती, आणि उजवा माझ्या अंगावर हे असं करत होता. कामावर तिला ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण कामात तो हात कधी रिकामा नसतो.

कधी कधी तिला ती थरथर जाणवायची. मग ती मला उलटसुलट करून बघायची. मी थरथरणारी वस्तू आहे हे तिला माहीत होतं. तिला वाटायचं, मीच.

एवढं मात्र तिने चांगलं केलं, की मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. पाच आठवड्यांनंतरची मिळाली, गुरुवार सकाळ अकरा. तारखेची चिठ्ठी तिने माझ्याखाली दाबून ठेवली. मी ते पाच आठवडे दिवस मोजत काढले. म्हटलं, तिथे तरी कुणी उजवा हात बघेल.

त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी ठिणगी आली, न कळवता. बॅग टाकली, मावशीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, की दाखव, कुठे अडलीस. मावशी नको नको म्हणत होती, तोवर मी ठिणगीच्या हातात होतो.

तिने चार पावलं टाकली आणि थांबली. अंगठा दांडीवरून उचलला. कंदीलवाला स्वतःहून सावकाश डावीकडे चालत गेला आणि दरीत पडला.

“मावशी, बघ. माझा हात लागलेला नाही. स्टिक झिजलीये ह्याची.”

 मावशीने ठिणगीला परत तसंच करायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा कंदीलवाला पडला आणि मावशी सोफ्याच्या कडेवर बसली, पदर तोंडाला लावून. आधी मला वाटलं हसतेय. मग तिने सगळं सांगितलं. आईचं, पुढच्या दातांचं, चिठ्ठीचं. ठिणगी रडली, मग चिडली, की मला का नाही सांगितलंस, एका फोनचं तर काम होतं. मग दोघी एकदमच हसायला लागल्या आणि कितीतरी वेळ थांबेनात.

त्या हसत होत्या आणि मी ठिणगीच्या मांडीवर होतो. मला कधीच इतकं एकटं वाटलं नव्हतं.

ठिणगी संध्याकाळी जाऊन नवा कंट्रोलर घेऊन आली. रविवारी दुपारी मावशी पूल ओलांडून गेली. पहारेकऱ्याने तिला एकोणीस वेळा मारलं आणि ती एकोणीस वेळा हसली. विसाव्या वेळी तो गुडघ्यावर आला. ठिणगीने खिडक्या हादरतील अशी आरोळी ठोकली. मावशीने नवा कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात समोर धरून बघितले. आनंदाने. ते हात त्या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत, अगदी स्थिर होते. आत्ताच तर काम करून आले होते.

निघताना ठिणगी म्हणाली, “वेळ घेतलीच आहेस तर गुरुवारी जाऊन ये ना.”

“कशाला? दुखणं सापडलं की,” मावशी म्हणाली आणि माझ्या टवक्यावर टिचकी मारली.

सोमवारी सकाळी तिने दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली. पलीकडून दुसरी तारीख देत होते बहुतेक. ती म्हणाली, नको, गरज नाही. मग दातांच्या डॉक्टरांना फोन करून पुढचे दात परत मागून घेतले. तिचा आवाज किती हलका होता म्हणून सांगू. त्या आवाजाला गालबोट लावायला मी तरी कोणत्या तोंडाने उठणार होतो? डावीकडचा खोटेपणा माझाच होता. फक्त सगळं माझं नव्हतं.

ठिणगी मला कचऱ्यात टाकायला निघाली होती. मावशीने टाकू दिलं नाही. आता मी टीव्हीखालच्या खणात आहे, दोन जुन्या वायरी आणि एका बंद घड्याळाच्या सोबतीला. ती रोज संध्याकाळी खेळते. पहारेकऱ्यानंतर किल्ल्याचा पुढचा मजला आहे, तिथे आणखी वाईट मरण आहे. वरून तिचं हसणं ऐकू येतं. मधे आठ-दहा सेकंद शांतता असते. त्या शांततेत तिचा उजवा अंगठा आता त्या नव्याच्या बटणावर टेकलेला असेल. त्यालाही कळत असेल. त्यालाही सांगता येत नसेल.

तुमचं माझं काही नातं नाही, तरी एक विनंती करतो. तुमच्यापैकी कुणी दात बनवून घ्यायला गेलात आणि माप बघायला एक पन्नाशीची, हसरी बाई पुढे आली, तर ती हातात सुरी घेईल तेव्हा तिचा हात बघू नका. तेव्हा काही दिसणार नाही. तिच्याशी दोन गोष्टी बोला. ती ऐकत असताना, हात मांडीवर ठेवून बसली असताना, उजव्या अंगठ्याकडे बघा. आणि दिसलं, तर लगेच सांगू नका, घाबरेल. पण सांगितल्याशिवाय उठूही नका.