एकादशीला कोरडा राहणारा ब्रश

“अहो, हळू घासा. हिरड्या आहेत त्या, करपलेली कढई नाही!”

शैलजाबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना, साधा ब्रश आहे. सुरतेतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, बेसिनवरच्या स्टीलच्या पेल्यात माझा मुक्काम.

कुठल्याशा कारखान्यात यंत्राने माझ्या डोक्यात शेकडो केस खोवले आणि मी या घरी आलो. शैलजाबाई रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मला हाती घेत. तोंड स्वच्छ झाल्याशिवाय देवाचे नाव घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. एकादशीला मात्र मला सुट्टी. त्या दिवशी त्या नुसत्या बारा चुळा भरत आणि मी कोरडा उभा राही.

मार्गशीर्षात त्या गेल्या. प्रभाकररावांनी, त्यांच्या यजमानांनी, स्वतःचा ब्रश टाकून मला धरले. माझे केस तोवर वाकले होते आणि अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरत होता. बायकोची आठवण म्हणून ते मला तोंडात घालत आणि मी त्यांच्या हिरड्या ओरबाडत असे. बेसिन रोज लाल होई.

“हात धड असता तर साधा मऊ ब्रश पुरला असता,” दंतवैद्य म्हणाले. “तुम्ही विजेचा घ्या. त्यात तुम्हाला मधुमेह. असंच चाललं तर खालचे दात जातील.”

मुलगी नेहाने विजेचा ब्रश आणला. प्रभाकररावांनी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या पहाटे पाच-दहाला तो पेल्यात आपोआप घरघरू लागला. दोन मिनिटांनी गप्प झाला. मग रोजच तसे. आणि मित्रांनो, मला कोणी पाण्याखाली धरले नसतानाही त्या वेळी माझे केस ओले होत.

“पप्पा, बटण ढिलं असेल.”

“रोज पाच-दहालाच ढिलं होतं?”

“तमे पण ना!” नेहा गुजरातीत ‘तुम्ही’ म्हणत हसली. “ मम्मी मिक्सरला घाबरायची. ती हे मशीन चालू करणार?”

नवव्या पहाटे दोघे बेसिनपाशी थांबले. पाच-दहा झाले. सव्वापाच झाले. पेला हलला नाही.

नेहाने कॅलेंडर पाहिले. एकादशी होती. तिचे हसू मावळले.

“पप्पा, मम्मीचा ब्रश सोडा आता. मला शब्द द्या.”

प्रभाकररावांनी माझे वाकलेले केस अंगठ्याने सरळ करून पाहिले. “उद्या,” ते म्हणाले. “उद्या नक्की.”

मित्रांनो, आम्हाला निवडताना आपला हात आणि आपल्या हिरड्या पाहा. आमचे केस वाकले की आम्हाला निरोप द्या. मी कोणाचा होतो म्हणून मला जपू नका. माझ्याने आता इजाच होते.

द्वादशीला विजेचा ब्रश पुन्हा घरघरला. प्रभाकररावांनी डाव्या हाताने त्याला उचलले, दात घासले. नंतर मला फडक्याने कोरडे केले आणि कागदात गुंडाळले. सात वाजता खाली कचऱ्याची गाडी आली. नेहा अजून झोपली होती. तिला हाक न मारता त्यांनी चपला घातल्या, जिन्याचा कठडा धरला आणि मला मुठीत घेऊन ते एकेक पायरी उतरू लागले.