रिकामे होल्डर

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली फ्यूजशेठ म्हणायची. शेठपणा टोपणनावापुरताच, हात मात्र कसबी. बिघडलेला हॉर्न त्याला नुसतं बघूनच वाजतो, अशी गिऱ्हाइकं चेष्टा करत.

त्याच हातावर भरवसा ठेवून बायकोने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, "परक्यांच्या गाड्यांना दिवे लावणारा माणूस घरच्या गाडीत अंधार ठेवील का?"

अपघाताच्या दिवशी ती मागच्या सीटवर होती. सिग्नलपाशी फ्यूजशेठने ब्रेक दाबला आणि मागून टेम्पो येऊन आदळला. तिची मान कायमची आखडली, बोटांतला जोर गेला. गल्लीभर बायकांचे कपडे शिवणारी ती, आता तिला स्वतःचं बटणही लावता येईना. टेम्पोवाल्यांकडून भरपाई मिळाली तर ऑपरेशन होणार होतं, बोटं थोडीफार वळणार होती. दोन वर्षं दोघं त्या एका आशेवर जगली. औषधपाण्यात दुकानही गेलं.

मग एका तारखेला कोर्टात टेम्पोवाल्यांच्या वकिलाने गाडीच्या तपासणीचा कागद पुढे केला. मागच्या एका ब्रेकच्या दिव्याची काच शाबूत होती. आतला बल्ब फुटलेला नव्हता की जळालेला नव्हता. बल्ब नव्हताच. दुसऱ्या बाजूचा होल्डरही रिकामा.

फ्यूजशेठ खोटं बोलायलाच उभा राहिला होता. पण समोर तिची पट्ट्यात अडकवलेली मान दिसली आणि त्याला ते जमेना.

"मीच काढले होते," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. साठ टक्के चूक टेम्पोची, चाळीस टक्के नवऱ्याची. टेम्पोवाल्यांनी साठ भरावेत, उरलेले जखमी बाईने नवऱ्याकडून वसूल करावेत. साठात ऑपरेशन बसत नव्हतं.

"वहिनींना आता तुमच्यावरच दावा लावावा लागेल," नवराबायकोचा वकील फ्यूजशेठला म्हणाला. "पण तुमच्याकडून घेणार काय?"

घरी आल्यावर तो नेहमीसारखा तिची वेणी घालायला बसला. पंधरा दिवस तिने बल्बचं नाव काढलं नव्हतं.

"कुठे गेले होते बल्ब?" तिने विचारलं.

"गिऱ्हाईक घाईत होतं. दुकानातले संपले होते, म्हणून आपल्या गाडीतले काढून त्याला लावले. म्हटलं, आपले उद्या बसवू."

"त्याला मागून कोणी ठोकलं नाही ना?"

"नाही."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मी शपथेवर सांगितलं हो. तुम्ही समोर बसून ऐकलंत."

लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्यापासून वेणी शेजारच्या काकू घालतील," ती म्हणाली.

अर्धी वेणी त्याच्या हातात होती. ती सोडवून घ्यायला तिच्या बोटांत बळ नव्हतं, आणि तोंड फिरवायला मान वळत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले.