तिरमेन, ओसदर आणि पुढची नऊ गावे

कादंबरीच्या नकाशावरील अकरा काल्पनिक गावांची नावे दुसऱ्या एका लेखकाच्या वीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीत त्याच क्रमाने छापलेली होती. लेखिकेने ते पुस्तक कधी पाहिलेही नव्हते.

"बाई, एखाददुसरं नाव जुळलं तर समजू शकतो," प्रकाशक म्हणाले. "पण अकराच्या अकरा? योगायोगालाही काही लाज असते! शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर पुस्तक मागे घ्यावं लागेल."

खुलासा काय देणार, कपाळ? ती नावे तिने रचलीच नव्हती. डोळा लागता लागता ती आपसूक येत: तिरमेन, मग ओसदर, मग कुमेन, धुक्यातून एकेक वेस उघडावी तशी. सोबत लोकरीचा उबदार वास येई. पण वासाला पुरावा कोण मानतो?

गुरुवारी ती आईकडे गेली. आईची उभी हयात गालिच्यांच्या कारखान्यात विणण्यात गेली होती. दुपारचे ऊन पांघरुणावर पसरले होते आणि आई पेंगत होती. लेखिका यादी वाचू लागली. पाचव्या नावाला आईची बोटे पांघरुणाच्या काठावर गाठी मारू लागली. लेखिकेने वाचणे थांबवून कागद उलटा ठेवला.

उरलेली सहा नावे आईने डोळे न उघडता, क्रमाने म्हटली.

"आई, ही गावं तुला कशी ठाऊक?"

"कसली डोंबलाची गावं! गालिच्याची किनार आहे ती. तिर म्हणजे तीन गाठी, मेन म्हणजे निळा. मुकादम गाऊन सांगायचा, आम्ही विणायचो."

"आणि मी?"

"तू मागाखाली, लोकरीच्या गाठोड्यावर. किरकिरलीस की पायाने थोपटायचे."

लेखिकेने त्या लेखकाचे नाव सांगितले.

"अगं, तो तर माझ्या मागावरच्या शेजारणीचा थोरला! तोही तिथंच लोळला, तुझ्याआधी दहा वर्षं."

शुक्रवारी प्रकाशकांनी त्या लेखकाला फोन लावला. त्यानेही तोच कारखाना आणि तोच माग सांगितला. पुस्तक मागे घेतले गेले नाही. खुलासा चार ओळींत मावला: विणकर बायांची तान्ही मुले मागाखाली झोपत. मुकादम एकाच किनारीच्या अकरा ओळी वर्षानुवर्षे त्याच क्रमाने गात असे. दोघांनी त्या झोपेत ऐकल्या आणि मोठेपणी गावे म्हणून नकाशावर मांडल्या.