वळसा

जयदेवने फक्कीचं घमेलं खाली ठेवलं आणि दोरीचं दुसरं टोक धरणाऱ्या माणसाला ती ताणायला सांगितलं. कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने सरळ आलेली पांढरी रेघ सुंदराबाईंच्या चहाच्या टपरीपाशी थांबली. दोरी मात्र टपरीच्या मधोमध टेकली होती.

"हे काय?" मालिनीने विचारलं.

"टपरी जाणार, मॅडम," नगरपालिकेचा ओव्हरसियर जयदेव म्हणाला. "नियमाप्रमाणे आधी फूटपाथ, मग सायकलपट्टी. दोन्ही बसवायचं म्हटलं की टपरी मध्ये येते."

मालिनीने शाळेतून अर्धी रजा काढली होती ती हीच रेघ पडताना बघायला. तिचा नवरा मधू कारखान्यातून घरी येताना याच वळणावर ट्रकखाली सापडून गेला होता. तेव्हापासून सायकलवाल्यांना आणि पायी जाणाऱ्यांना वेगळी वाट द्या म्हणून ती अंबरनाथच्या नगरपालिकेत खेटे घालत होती. अखेर एकोणनव्वद साली काम मंजूर झालं.

तिने टपरीकडे पाहिलं. सुंदराबाई पाठमोऱ्या बसून ग्लास विसळत होत्या. त्या दिवशी मधूचं डोकं याच बाईने मांडीवर घेतलं होतं, पदर फाडून जखमेवर बांधला होता. मालिनी इस्पितळात पोचली तेव्हा त्या रक्ताने माखलेल्या लुगड्यातच व्हरांड्यात बसून होत्या. आपण मागितलेली वाट यांच्या चुलीवरून जाईल, हे मालिनीच्या मनातही आलं नव्हतं.

"थोडी वाकवता नाही येणार?"

"एकच उपाय आहे. या वळणापुरती सायकलपट्टी सोडून त्या जागेतून फूटपाथ वाकवायचा. सायकलवाले तेवढ्यापुरते रस्त्यावर उतरतील. तुमचीच मागणी होती, तुमची हरकत नसेल तर साहेब ऐकतील."

नेमकी या वळणापुरती. समोरून एक ट्रक गेला. मालिनीने धूळ खाली बसू दिली.

"टपरी राहू दे," ती म्हणाली.

मग ती सुंदराबाईंजवळ गेली. "काळजी करू नका. टपरीला हात लावणार नाहीत. मी सांगितलंय त्यांना."

सुंदराबाईंनी विसळलेला ग्लास पुन्हा पाण्यात बुडवला.

"कशाला, ताई? जाऊ द्या की."

"मग खाणार काय तुम्ही?"

"सरस्वती हाय ना बदलापुरात, बेलवलीला. लेक कवापासून बोलावतेय."

"पण माझ्यामुळे तुमचं…"

"तुमच्यामुळं नाय." सुंदराबाईंनी पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या. "तुमचे साहेब त्या दिवशी सायकलवर नव्हते, ताई. पंक्चर झाली होती. हातात धरून कडेकडेनं चालत येत होते."

मालिनीला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

"कडेने येत होते, मग रस्त्यावर कसे गेले?"

"बाकडं बाहेर टाकलं होतं मी. कारखान्याची पाळी सुटलेली, गिऱ्हाईक बसलेलं. साहेब थांबले. माणसांकडं बघितलं. उठा, सरका, काय बोलले नाय. वळसा घालून खाली उतरले. तेवढ्यात मागनं ट्रक आला."

मालिनीने त्या बाकड्याकडे पाहिलं. मधूच तो. लग्नाच्या पंगतीत कोणी त्याच्या जागेवर बसलं, तरी तो हसून भिंतीशी उभा राहायचा. "सरका" हा शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता.

"आणि हे तुम्ही इतके दिवस…"

"तुम्ही यायचा, दिवाळीला फराळ आणायचा, माझा हात धरायचा. मी रोज म्हणायची, आज सांगते. तोंडच उघडायचं नाय."

पलीकडून जयदेवने हाक मारली. "मॅडम, मग इथून वाकवतो!"

मालिनीने सुंदराबाईंकडे पाहिलं नाही.

"नको," ती म्हणाली. "सरळ मारा."

नगरपालिकेची माणसं यायच्या आधीच सुंदराबाईंनी आपल्या हाताने टपरी उतरवली. कोणाचा निरोप न घेता त्या बदलापूरला निघून गेल्या. महिन्याभरात फरश्या बसल्या, पट्टी झाली. पाळी सुटली की सायकलींची रांग त्या वळणावरून बिनघोर जाऊ लागली. मालिनी कधी कधी तिथे उभी राही. आपण "सरळ मारा" म्हणालो ते या माणसांसाठी, सुंदराबाईंना तेच हवं होतं म्हणून, की त्यांना शिक्षा व्हावी म्हणून, हे तिला काही केल्या उमगेना.

थंडीतल्या एका रविवारी ती पत्ता विचारत बेलवलीला गेली. वाटभर तिने एक वाक्य जुळवलं होतं: तुमची चूक नव्हती.

सुंदराबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. पार वाळल्या होत्या. सरस्वतीने पाणी आणलं, पाट दिला आणि ती आत गेली.

"पट्टी झाली," मालिनी म्हणाली. "सायकली जातात आता तिच्यावरून."

"आन् पायी माणूस?"

"त्यालाही वाट आहे."

"बरं झालं."

आता बोलायला हवं होतं. मालिनीने ग्लास खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि ते वाक्य खरं आहे की नाही हेच तिला ठरवता येईना.

सुंदराबाईंनी तांदळाचं ताट दोघींच्या मधे सरकवलं. मालिनीने पदर खोचला आणि ती खडे वेचू लागली. उजेड होता तोवर दोघी निवडत राहिल्या. मान कोणीच वर केली नाही.